ओट्यावरचा स्टुडिओ

माझा पहिला व्हिडिओ थालीपिठाचा. चित्र झकास, पण आवाजात निम्मा पंखा आणि वर शेजारच्या कुकरच्या तीन शिट्ट्या. म्हणून सांगते, पैसे आधी माइकवर घाला. कॅमेरा फोनचाच, तोही मागचा. सेल्फीचा नको.

वायरचा साधा कॉलर माइक पुरतो. हनुवटीपासून वीतभर खाली लावा. पदर घासला की खरखर येते, म्हणून मी वायर सेफ्टीपिनने आतून अडकवते. खोली घुमत असेल तर कॅमेऱ्यामागे दोरीवर दोन गोधड्या टाका. फ्रिज बंद ठेवा, आणि नंतर आठवणीनं चालू करा. माझं लिटरभर दूध नासलंय त्यात.

उजेडाला खिडकी. ती एका बाजूला घ्या, पाठीशी नको. दुसऱ्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट उभी करा, चेहऱ्यावरची सावली निवळते. संध्याकाळी दिव्याखाली शूट केलं की कधीकधी चित्रात पट्टे सरकतात. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. फोनच्या प्रो मोडमध्ये, म्हणजे जिथे कॅमेऱ्याची सेटिंग्ज हातानं बदलता येतात तिथे, सेकंदाला 25 फ्रेम (चित्रं) आणि शटर (प्रत्येक चित्राला उजेड मिळण्याचा वेळ) 1/50 सेकंद ठेवा. बहुतेक वेळा पट्टे जातात.

परातीत पीठ पडलं की चित्र एकदम काळवंडतं ना? स्क्रीनवर बोट दाबून धरा, एक्सपोजर, म्हणजे चित्राचा उजळपणा, लॉक होईल.

ट्रायपॉड नंतर घ्या. माझा फोन अजून पोह्यांच्या डब्याला टेकून असतो, एअरप्लेन मोडवर. नाहीतर ऐन फोडणीत सासूबाईंचा फोन!