व्हॅक्यूम लिफ्टर चालवताना: आधी गेज, मग प्लेट

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या आमच्या शॉपमध्ये लेझर मशीनवर स्टीलच्या प्लेटा चढवायला व्हॅक्यूम लिफ्टर आहे, म्हणजे रबरी कप प्लेटवर टेकवून, आतली हवा काढून ती उचलणारं यंत्र. नवीन पोरगा आला की त्याला मी बटणं नंतर दाखवतो, आधी गेजसमोर, म्हणजे कपातली हवा किती निघाली ते दाखवणाऱ्या काट्यासमोर उभा करतो. कप प्लेट ओढून धरतो असं बहुतेकांना वाटतं. खरं तर पंपानं कपातली हवा काढली की बाहेरची हवा प्लेटला खालून कपावर दाबून धरते. हा दाब चौरस सेंटीमीटरला फार तर एक किलो. हूक अडकलाय की नाही ते डोळ्यांना दिसतं. ही पकड फक्त गेजच्या काट्यावर कळते.

पहिलं काम वजन काढायचं. लांबी आणि रुंदी मीटरमध्ये, जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, गुणाकार करा आणि ७.८५ ने गुणा. स्टीलचे किलो मिळाले. २५०० बाय १२५० ची ६ मिमी प्लेट १४७ किलो भरते, १० मिमीची २४५. अंदाजानं उचलणारा माणूस मला शॉपमध्ये नको.

आता कपाचं बघा. आतून २०० मिमी व्यासाचा कप, गेजवर उणे ०.६ बार (बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा कमी दाब; एक बार म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो), म्हणजे कागदावर १९० किलोची पकड. पण तो सुटायच्या क्षणाचा आकडा आहे. आडवी प्लेट उचलताना त्याच्या निम्माच धरायचा. चांगल्या लिफ्टरच्या पाटीवरची क्षमता असं निम्मं करूनच लिहिलेली असते. उरलेलं निम्मं हेलकाव्यासाठी आणि झटक्यासाठी आहे, जादा माल उचलायला नाही. प्लेट उभी करायची असेल तर सगळा भार रबराच्या घर्षणावर येतो आणि तेलकट प्लेटवर ते घर्षण फारच कमी होतं. त्यासाठी तिरपं-उभं करायलाच बनवलेला लिफ्टर घ्या, त्याची वेगळी क्षमता वाचा.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे. इथं हवेचा दाबच सहा टक्क्यांच्या आसपास कमी. त्यामुळे तोच पंप मुंबईत जेवढा काटा खाली नेईल तेवढा इथं नेणार नाही. कॅटलॉगमधला आकडा इथं मिळेल असं धरू नका, गेज दाखवेल तोच खरा. काटा हिरव्या पट्ट्यात नसेल तर उचलायचं नाही, मग वरून कुणाचा कितीही फोन येऊ दे.

पृष्ठभागाकडं सगळ्यात जास्त लक्ष द्या. आपल्याकडं फाउंड्र्या भरपूर, म्हणून वाळूच्या साच्यात ओतलेलं कच्चं कास्टिंगही याच लिफ्टरनं उचलू असं कुणीतरी सुचवतंच. वाळूच्या खरखरीत अंगातून हवा आत शिरत राहते. त्याला चेन आणि आयबोल्ट (डोक्याला कडी असलेला बोल्ट) हेच हवेत. गंजाचे पापुद्रे सुटलेली प्लेट आधी घासून घ्या. पावसाळ्यात बाहेरची थप्पी ओली असते, ती कोरड्या फडक्यानं पुसा, नाहीतर पाणी थेट पंपात जातं. स्टेनलेसवरची प्लॅस्टिकची फिल्म सुटलेली असेल तर कप फिल्मला धरतो आणि पत्रा खाली राहतो. तेल लागलेले पातळ पत्रे एकमेकांना चिकटून दोन-दोन वर येतात आणि खालचा अर्ध्या वाटेत सुटतो. कोपरा थोडा उचलून, फटीत हवा मारून ते आधी वेगळे करा.

पातळ पत्रा कडेला लोंबला की कपाची कड चिकटपट्टीसारखी सोलत जाते. कप पसरून लावा, मध्ये गोळा करू नका.

रोज सकाळी एक चाचणी: प्लेट लाकडी ठोकळ्यांच्या किंचित वर उचला, पंप बंद करा, काटा बघा. निर्वात साठवणारी टाकी आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा उलटी आत येऊ न देणारी झडप) ठीक असतील तर काटा जागचा फारसा हलत नाही, आणि लाईट गेल्यावर प्लेट खाली ठेवायला मिनिटं मिळतात. काटा भराभर पडला तर त्या दिवशी लिफ्टर बंद. कपाच्या कडेवर चीर, कडक झालेलं रबर, होजला तडा, ग्राइंडिंगच्या धुळीनं भरलेला फिल्टर, कारण बहुतेक यांतच सापडतं. कॉम्प्रेस्ड हवेवर चालणारा लिफ्टर असेल तर त्याच लाईनवर ब्लो-गन (हवेचा फवारा मारायची पिचकारी) मारू देऊ नका, लाईनचा दाब पडतो आणि पकड ढिली होते.

उचलताना हात हँडलवर. पाच सेंटीमीटर वर घ्या, थांबा, काटा बघा, मगच पुढं. प्लेट कमरेच्या खालीच राहू द्या, शक्य तेवढा जवळचा रस्ता धरा, आणि खाली पाय, हात किंवा माणूस कुणीच नको. अलार्म वाजला तर पंपाशी किंवा बटणांशी खेळत बसू नका. ओरडून माणसं बाजूला करा आणि प्लेट आहे तिथंच सावकाश टेकवा. सुटायलाच लागली तर पडू द्या आणि मागं व्हा. धरायला जाऊ नका, बोटं जातात. सोडायचं बटण प्लेट पूर्ण टेकल्यावरच दाबा, अर्धी टेकली असताना नाही.

वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी करून घ्या. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २९ मध्ये उचलण्याच्या साधनांसाठी बारा महिन्यांची हीच मुदत घातलेली होती. शिफ्ट संपली की लिफ्टर स्टँडवर टांगा. जमिनीवर ठेवला तर लोखंडाचा कीस रबरात रुततो आणि दुसऱ्या दिवशी गळती तिथूनच सुरू होते.