अ‍ॅडम्स ड्राय फ्लाय: बांधायची कशी, सोडायची कशी

ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी पाण्यावर तरंगणारी माशी (ड्राय फ्लाय), म्हणजे गळावर पिसं-लव बांधून केलेला नकली किडा, बांधायला शिकायचं असेल, तर सुरुवात अ‍ॅडम्सपासून करा. १९२२ साली मिशिगनमधल्या लेन हॅलडे यांनी ती बांधली. ती बोर्डमन नदीवर वापरून पाहणारे त्यांचे मित्र चार्ल्स अ‍ॅडम्स, त्यांचंच नाव तिला मिळालं. ती कुठल्या एका किड्याची नक्कल नाही. राखाडी-तपकिरी रंगामुळे बऱ्याच मेफ्लायसारखी (पाण्यावर उडणारे नाजूक किडे) दिसते, हीच तिची ताकद.

१४ नंबरचा गळ शेगड्यात धरा आणि दांड्यावर बारीक राखाडी दोऱ्याचे वेढे घाला. नेढ्यामागची मिलिमीटरभर जागा शेवटपर्यंत मोकळी ठेवा. माझ्या सुरुवातीच्या कितीतरी माश्या इथेच बिघडल्या: पिसं नेढ्यापर्यंत गेली, गाठीला जागाच उरली नाही.

आधी पंख. कोंबड्याच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या दोन पिसांची टोकं दांड्याच्या पुढच्या तिसऱ्या भागात उभी बांधा. मग तपकिरी आणि पट्टेरी तंतू मिसळून शेपूट. पंखांची उंची आणि शेपटीची लांबी, दोन्ही दांड्याएवढी.

अंगासाठी मस्करॅटची (पाण्याकाठी राहणारा उंदरासारखा प्राणी) राखाडी लव घ्या, वाटते त्याच्या निम्मी. दोऱ्यावर एकाच दिशेने वळा, निरांजनाची वात वळतो तशी, आणि शेपटीकडून पंखांकडे गुंडाळत या.

आता एक तपकिरी आणि एक पट्टेरी पीस एकत्र धरून पंखांच्या मागे तीन, पुढे तीन वेढे द्या. तंतू गळाच्या तोंडाच्या (दांडा आणि टोक यांमधलं अंतर) दीडपट लांब आणि ताठ हवेत, कारण माशीचा भार पाण्याच्या पृष्ठभागावर तेच पेलतात. मऊ पीस घेतलंत तर माशी बुडणारच. शेवटी गाठ मारून लाखेचा थेंब लावा.

नदीवर ९ फुटी लीडर (दोरीच्या पुढचा निमुळता पारदर्शक धागा) आणि ५एक्स जाडीचं टिपेट (माशीला बांधायचं त्याचं बारीक टोक) पुरे. माशीला तरंगतं ठेवणारं जेल चोळा. मासा वर येतो त्या जागेपासून प्रवाहाच्या खालच्या अंगाला उभे राहा आणि माशी तिथून वरच्या अंगाला हातभर पुढे टाका. दोरीने माशी ओढली गेली की तिच्यामागे पाण्यावर बारीक रेघ उमटते. ती दिसली की ट्राउट तोंड फिरवतो. म्हणून माशी वाहत येईल तशी दोरी गोळा करत राहा, पण ताणू नका.

माशाने घेतली की झटका नको, काठी नुसती उचला. नंतर चिकट झालेली माशी पाण्यात खळबळून रुमालात दाबा, पुन्हा जेल लावा आणि हवेत दोन-चार फेऱ्या मारून वाळवा.