जुनी बास बोट घेताय? आधी लाकूड वाजवून बघा

"मामा, एक बास बोट मिळतेय," असं भाच्याने फोनवर सांगितलं, तेव्हा आमच्या घरात एकाच शब्दाचे तीन अर्थ निघाले. आईला वाटलं, बोटीला घाण वास येत असणार. इंदूरच्या हिंदीत बास म्हणजे तेच. बायकोने सरळ मराठी अर्थ लावला: बास, आता पुरे. धाकट्याला हॉटेलातला बासा फ्राय आठवला.

खरा अर्थ चौथाच आहे. बास हा उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातला शिकारी मासा. तो गळाने धरायला जी बसक्या अंगाची, पुढे सपाट डेक असलेली, मागे भारी मोटर लावलेली बोट तिकडे निघाली, ती बास बोट. 1948 मध्ये लुइझियानाच्या श्रीव्हपोर्टमध्ये होम्स थर्मंडने स्कीटर नावाची बोट बनवली, तिला या जातीची पहिली मानतात. पुढे 1968 मध्ये आर्कान्सात फॉरेस्ट वूडने रेंजर बोटी काढल्या आणि हा प्रकार तिकडे घराघरात गेला. नर्मदेत बास नाही. आपला मानाचा मासा महसीर, 2011 पासून मध्य प्रदेशचा राज्य मासा. पण बुडालेल्या झाडांच्या जलाशयात उभं राहून गळ फेकायला ही बोट आपल्याकडेही सोयीचीच, त्यामुळे भाच्याचा मोह मला कळत होता.

मी इंदूरच्या सांवेर रोडवर फायबरचं काम करतो. टाक्या, दरवाजे, कूलरच्या बॉडी, आणि वर्षाकाठी दोन-चार बोटी दुरुस्तीला येतात. त्यातली पहिली माझीच होती. ती घेताना मी, रोज रेझिनमध्ये, म्हणजे फायबर घट्ट करणाऱ्या चिकट रसायनात, हात घालणारा माणूस, जे बघायला हवं होतं तेच बघितलं नव्हतं. म्हणून हे लिहितोय.

चकाकीवर भाळणं

विकणाऱ्याने रबिंग कंपाउंड मारून बोट आरशासारखी केली होती. "भिया, मक्खन है," म्हणाला. जेलकोटची, म्हणजे फायबरवरच्या रंगीत वरच्या थराची, चकाकी म्हणजे लग्नातला मेकअप. बघायच्या त्या चिरा. एका बिंदूतून कोळ्याच्या जाळ्यासारख्या फाकलेल्या असतील तर तिथे काहीतरी आपटलंय. बहुतेक वेळा ते वरवरचं असतं. पण एकाशेजारी एक समांतर चिरा दिसल्या, विशेषतः मागच्या कोपऱ्यांत, तर तो भाग मोटरच्या जोराने वाकतोय. रंगाचा एखादाच चौकोन जास्त नवा दिसला तर तिथे का रंगवलं, हे विचारा आणि उत्तर देताना माणूस कुठे बघतो तेही बघा.

ट्रान्सम न तपासणं: माझी चूक

बोटीची मागची भिंत, जिच्यावर मोटर लटकते, ती ट्रान्सम. वरून फायबर दिसतं, पण जुन्या बहुतेक बोटींत त्याच्या पोटात प्लायवुड असतं. मोटरचे बोल्ट, खोली दाखवणाऱ्या इको साउंडरच्या सेन्सरचे स्क्रू, पाणी काढायच्या बुचाचं भोक, हे सगळं त्या लाकडातून आरपार जातं. एका भोकाचं सीलंट सुकलं की पाणी आत शिरतं. दोन्हीकडून फायबर असल्याने ते बाहेर पडत नाही. लाकूड आतल्या आत कुजत राहतं आणि बाहेरची चकाकी तशीच असते.

माझ्या बोटीची ट्रान्सम उघडली तेव्हा आतून जे निघालं ते भिजवलेल्या पोह्यांसारखं होतं. मुठीत घेऊन पिळलं तर तपकिरी पाणी गळलं.

तपासायला यंत्र लागत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने ट्रान्सम इंच-इंच वाजवत जा. चांगल्या लाकडाचा आवाज टणक येतो, हात मागे उसळतो. कुजलेल्या जागी ढबढब येतो, नासका नारळ वाजवल्यासारखा. मग मोटर थोडी वर तिरपी करा, तिचा खालचा भाग धरून वर-खाली जोर द्या आणि दुसऱ्याला ट्रान्समकडे बघायला सांगा. मोटर आपल्या बिजागरीत हलली तर ते वेगळं. भिंतच श्वास घेतल्यासारखी आत-बाहेर झाली तर खेळ संपला. शेवटची परीक्षा म्हणजे पाण्याच्या पातळीखालचा एक छोटा स्क्रू काढून बघणं. पेच ओला, गंजलेला निघाला किंवा भोकातून काळपट थेंब आला, की उत्तर मिळालं. विकणारा हा स्क्रू काढू देत नसेल तर तेही उत्तरच.

दुरुस्ती होते, पण ती "थोडं फायबर मारून" होत नाही. आतली कातडी कापायची, सडलेलं सगळं लाकूड खरवडायचं, पोकळी नीट वाळवायची, मरीन प्लाय बसवून पुन्हा काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिनचे थर द्यायचे. पावसाळ्यात तर मी हे काम घेतच नाही. ओल राहिली की रेझिन धरत नाही आणि वर्षभरात पापुद्रे सुटतात. भोकात पातळ रेझिन ओतून "आत सगळं सील केलंय" म्हणणारे भेटतील. ओल्या लाकडात रेझिन जातच नाही.

तळ आणि फोम

ट्रान्सम ज्या कारणाने सडते त्याच कारणाने डेकखालच्या आडव्या-उभ्या पट्ट्याही सडतात. बूट काढून अनवाणी सगळ्या डेकवर चाला, टाचेवर भार देत. कुठे पाय गादीवर पडल्यासारखा वाटला तर तिथे खाली लाकूड उरलेलं नाही. गालिचा नवा चिकटवलेला असेल तर एक कोपरा उचलून दाखवायला सांगा.

फोमची गोष्ट कुणी बोलत नाही. अमेरिकेत 20 फुटांहून लहान बोट पाण्याने भरली तरी तरंगत राहावी असा नियम आहे, म्हणून पोकळ्यांत फोम भरतात. वर्षानुवर्षं पाणी साचलं की हाच फोम ते पिऊन बसतो. एक लिटर म्हणजे एक किलो. 150 लिटर मुरलं तर दोन धष्टपुष्ट माणसं कायमची बोटीत बसली. यावर इंदूरच्या माणसाला सोपा उपाय आहे: धर्मकाटा, म्हणजे ट्रक तोलायचा वजनकाटा. बोट ट्रेलरसकट किंवा 407 टेम्पोवर चढवून वजन करा, मग नुसत्या गाडीचं वजा करा. कंपनीची बोट असेल तर तिचं कोरडं वजन कॅटलॉगमध्ये मिळतं. त्यात मोटर, बॅटरी, पेट्रोल मिळवून जुळवा. फार तफावत आली तर हातापाया पडला तरी घेऊ नका.

ड्रममध्ये चालवलेली मोटर

200 लिटरच्या ड्रममध्ये मोटर बुडवायची, दोरी ओढायची, भुर्र आवाज काढायचा, झालं प्रात्यक्षिक. याला ट्रायल म्हणत नाहीत. आणि कुणी पाण्याशिवाय कोरडी मोटर चालू करून दाखवली तर तिथेच नमस्कार करा. मोटर थंड ठेवणाऱ्या आतल्या पाण्याच्या पंपाला रबराच्या पाकळ्या असतात, त्या काही सेकंदांतच भाजून निघतात. ज्याला हे माहीत नाही त्याने मोटर कशी वापरली असेल, याचा अंदाज करा.

पोचल्यावर आधी मोटरच्या झाकणावर हात ठेवा. गरम लागली तर तुम्ही यायच्या आधी चालवून ठेवली आहे. थंड मोटर कशी सुरू होते तेच तर बघायचं असतं. मग सगळे स्पार्क प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. गेज दुचाकीच्या चांगल्या मिस्त्रीकडे असतं. आकडा किती यापेक्षा सिलिंडर एकमेकांशी जुळतात का ते महत्त्वाचं. 10 टक्क्यांहून जास्त फरक म्हणजे काहीतरी बिनसलंय.

खालच्या गिअरच्या डब्यातलं तेल थोडं गाळून बघा. मधासारखं किंवा काळसर चालेल. दुधाचा चहा दिसला तर आत पाणी गेलंय. गळवाल्यांच्या बोटीत याचं नेहमीचं कारण म्हणजे पंख्याच्या मागे गुंडाळला गेलेला नायलॉनचा दोरा. तो शाफ्टवर करकचतो आणि सील कापतो. पंखा काढायला पाच मिनिटं लागतात. काढाच.

पुढची छोटी इलेक्ट्रिक मोटर 24 व्होल्टची असेल तर तिला 12 च्या दोन बॅटऱ्या लागतात, हे हिशेबात धरा. बाकी तिच्यात बघण्यासारखं फार नसतं: चालते किंवा चालत नाही.

पाण्यात न घालता पैसे देणं

आमच्या बाजूला पाणी म्हणजे मुख्यतः नर्मदेवरच्या इंदिरा सागर धरणाचा बॅकवॉटर. जवळचा यशवंत सागर मनात आणू नका. तो शहराला पाणी पाजतो आणि 2022 पासून पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. 2023 मध्ये हरित लवादाने भोपाळच्या मोठ्या तलावातल्या क्रूझ आणि मोटर बोटी बंद केल्या, तेव्हापासून कुठल्या पाण्यात काय चालतं हे बोट घ्यायच्या आधी विचारायचं, नंतर नाही.

या बॅकवॉटरच्या काठच्या हनुवंतियाच्या बाजूला पाणी अफाट आहे, पण ते सपाट दिसतं म्हणून फसू नका. 2004 मध्ये हरसूद आणि कितीतरी गावं या धरणासाठी उठली. झाडांची खोडं आणि बांध अजून खालीच आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की खुंट पंख्याच्या उंचीवर येतात. तिथे वापरलेल्या बोटीचा पंखा आणि खालचा पाता हात फिरवून तपासा. वेल्डिंगचा उंचवटा बोटाला डोळ्यांआधी कळतो.

ट्रायल निदान अर्धा तास घ्या. मोटरच्या मागून पाण्याची बारीक धार सतत यायला हवी. दोन माणसं बसवून पूर्ण जोर द्या. नाक वर करून बोट मग सपाट व्हायला हवी. नुसतीच नाक वर ठेवून नांगरत राहिली तर एक तर मोटर कमी पडते, नाही तर फोम ओला आहे. परतल्यावर बोट बाहेर काढून बूच उघडा आणि किती पाणी निघतं ते बघा. एक-दोन तांबे समजू शकतो. बादली नाही.

16 जून ते 15 ऑगस्ट आपल्याकडे मध्य प्रदेशात मासेमारी बंद असते आणि नेमक्या त्याच दिवसांत स्वस्त बोटींचे फोन येतात. "अभी पानी में नहीं डाल सकते, भाईसाहब, सीझन बंद है." असू दे. ऑगस्टनंतर फोन करा म्हणावं.

कागद

इंजिनवाल्या बोटीला 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली नोंदणी आणि सर्वेक्षण प्रमाणपत्र लागतं. ट्रेलर हेही कायद्याने वाहनच, त्याची आरटीओ नोंदणी वेगळी. बाहेरून आलेली बोट असेल तर कस्टमची बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कागद, मागा. अमेरिकन बोटीच्या ट्रान्समवर उजव्या बाजूला 12 अक्षर-अंकांचा क्रमांक कोरलेला असतो. 1984 नंतरच्या बोटीत शेवटचे दोन अंक मॉडेलचं वर्ष सांगतात. विकणारा 2012 म्हणतो आणि शेवटी 98 दिसतं, असं मी एकदा पाहिलंय. आत एक पत्राही असतो, किती माणसं आणि जास्तीत जास्त किती हॉर्सपॉवर ते सांगणारा. त्याहून मोठी मोटर लावलेली बोट घेऊ नका. ती ट्रान्सम आधीच दमलेली असते.

ट्रेलरचं थोडक्यात: चाक उचलून फिरवा, खरखर आली तर बेअरिंग गेलं. टायरवरचे चार अंक बघा. 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. भेरूघाट उतरून गेलात की हब तापलेले असतात, लगेच पाण्यात घातले तर थंड होताना पाणी आत ओढतात. आधी चहा प्या.

घेतल्यावर नडणाऱ्या गोष्टी

सगळ्यात जास्त त्रास सध्या पेट्रोलचा आहे. पंपावर ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं, मिळतं आणि बहुतेक आउटबोर्ड, म्हणजे ट्रान्समवर बाहेर लटकणाऱ्या मोटरी, 10 टक्के इथेनॉलपर्यंतच बनवलेल्या आहेत. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, टाकीच्या तळाशी पाण्याचा थर बसतो, कार्ब्युरेटरचं रबर फुगतं. ट्रिपपुरतंच भरा, आणि घरी आल्यावर पेट्रोलचा पाइप काढून मोटर ड्रमच्या पाण्यातच आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. टू-स्ट्रोक असेल तर स्कूटरचं टू-टी तेल घालू नका. पाण्याने थंड होणाऱ्या मोटरचं तेल टीसी-डब्ल्यू3 दर्जाचं असतं. 50 ला 1 म्हणजे लिटरला 20 मिली, पण आपल्या मोटरचं पुस्तक बघून.

सुरू होऊन दोन मिनिटांत बंद पडली तर कार्ब्युरेटर उघडण्याआधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा. दहातल्या निम्म्या वेळा तोच बंद असतो. मोटर ओरडते पण बोट सरकत नाही, तर पंख्याच्या आतला रबरी बुश घसरलाय. हळूहळू चालवत किनारा गाठता येतो. पाण्याची धार बंद झाली तर मोटर लगेच बंद, मग तारेने धारेचं तोंड साफ करा, तरीही धार नाही तर पुढे चालवू नका. वल्हं कशासाठी असतं?

भाच्याची ती बोट आम्ही बघायला गेलो. ट्रान्सम डावीकडे टणक होती, उजवीकडे ढबढब. मी स्क्रू काढतो म्हटल्यावर मालक म्हणाला, "रहने दो ना, क्यों छेड़ते हो." पण मोटर चांगली निघाली, दोन्ही सिलिंडर जुळले, तेल स्वच्छ. तेव्हा आम्ही बोट सोडून फक्त मोटर मागितली. तासभर घासाघीस झाली, शेवटी त्याने दिली. आता ती माझ्या शेडमध्ये स्टँडवर आहे आणि भाचा तिच्यासाठी बोट शोधतोय. नवा फोन आला की बायको आतूनच विचारते, "बास ना आता?"