आरोग्य विम्याचा प्रीमियम वाढला? पॉलिसी बंद करण्याआधी हे करा

रिन्यूअलचा मेसेज आला, आकडा बघून डोळे पांढरे झाले, तरी लगेच पॉलिसी सोडू नका. पुन्हा घ्यायला जाल तेव्हा वय वाढलेलं असेल आणि जुन्या आजारांचा वेटिंग पीरियड (ज्या काळात त्या आजाराचा क्लेम मिळत नाही) पहिल्यापासून मोजला जाईल.

१. वाढ कशाची, ते बघा. वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (अख्ख्या घराची एकच) पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला आहे. तरीही हप्ता वाढला असेल, तर एक तर मूळ दर वाढलाय किंवा वयाचा टप्पा ओलांडलाय. साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी इर्डाशी, म्हणजे विमा नियामकाशी, बोलावं लागतं.

२. आईवडिलांची पॉलिसी वेगळी काढा. फ्लोटरचा दर घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. 68 वर्षांच्या बाबांमुळे नातवंडांचाही हप्ता चढतो. वेगळं काढताना वेटिंग पीरियडसाठी जुनी वर्षं धरली जाणार का, हे कंपनीकडून लेखी घ्या. सत्तरी ओलांडलेल्यांचं सरकारी आयुष्मान वय वंदना कार्डही काढून ठेवा. 5 लाखांचं कव्हर आहे, उत्पन्नाची अट नाही, खासगी पॉलिसी असली तरी चालतं. फक्त जवळचं रुग्णालय यादीत आहे ना, ते बघा.

३. मोठ्या बेस (मूळ) पॉलिसीऐवजी 5 लाखांची बेस आणि वर सुपर टॉप-अप (5 लाखांच्या वरचा खर्च देणारी जोड पॉलिसी) घ्या. खरी बचत इथेच होते. पण ‘सुपर’ शब्द बघूनच सही करा. समजा, वर्षात 4 आणि 3 लाखांची दोन बिलं झाली. बेसमधून 5 लाख मिळाले. उरलेले 2 लाख सुपर टॉप-अप देईल, कारण तो वर्षाची बेरीज धरतो. साधा टॉप-अप प्रत्येक बिल सुटं मोजतो; एकही 5 लाखांवर नाही, म्हणून हाती भोपळा!

४. रूम रेंटची (रुग्णालयातल्या खोलीच्या रोजच्या भाड्याची) मर्यादा घालून हप्ता कमी करून देतो म्हणणाऱ्या एजंटला लांबूनच नमस्कार करा. मर्यादा 5,000 आणि खोली 10,000 ची असेल, तर सर्जनच्या फीसारखे खर्चही निम्मेच मंजूर होऊ शकतात.

५. कंपनी बदलायची तर रिन्यूअलच्या किमान 45 दिवस आधी पोर्टिंगचा अर्ज करा. बीपी, शुगर लपवू नका. नव्या कंपनीचा लेखी होकार आला नाही, तर मुदतीत जुनीच पॉलिसी रिन्यू करा.