एका खांबावर दोन गाड्या: मोटरहोमसोबत इलेक्ट्रिक गाडी चार्ज करताना

उन्हाळ्यात पुण्या-मुंबईहून आई-बाबा अमेरिकेत आले की दोन घरं मिळून मोटरहोम भाड्याने काढतात. झोपायची, स्वयंपाकाची सोय मोटरहोममध्ये, आणि हिंडायला किंवा दूध-भाजी आणायला मागून घरची इलेक्ट्रिक गाडी. बेत चांगला आहे. मोटरहोम आरव्ही पार्कात (अशा गाड्या मुक्कामाला लावायच्या तळावर) लावली की जागेवरच वीज मिळते आणि गाडीही रात्रभर उभीच असते. गोंधळ होतो तो विजेच्या खांबापाशी.

या खांबाला तिथे पेडेस्टल म्हणतात. लोखंडी डब्याचं झाकण उचललं की साधारण तीन सॉकेट दिसतात, प्रत्येकाचा ब्रेकर वेगळा. पहिलं ५० ॲम्पिअरचं, चार भोकांचं. त्याला १४-५० म्हणतात आणि तिथे २४० व्होल्ट मिळतात. दुसरं ३० ॲम्पिअरचं, तीन भोकांचं, नाव टीटी-३०. तिसरं अमेरिकन घरात असतं तसं, १२० व्होल्टचं, २० ॲम्पिअरचं. भारतातून आलेला माणूस फसतो तो दुसऱ्यापाशी. आपल्याकडे घरातलं कुठलंही सॉकेट २३० व्होल्टचं, त्यामुळे ३० ॲम्पिअर म्हटलं की भरपूर वीज असेल असं वाटतं. पण टीटी-३० फक्त १२० व्होल्ट देतं.

तासन् तास चालणाऱ्या भाराला ब्रेकरच्या ८० टक्केच करंट घ्यायचा, हा नियम धरून हिशेब असा: १४-५० वर ४० ॲम्पिअरपर्यंत जाता येतं, पण टेस्लाचा मोबाइल कनेक्टर, म्हणजे सोबत न्यायचा चार्जर, मुळातच ३२ वर थांबतो, म्हणजे ७.७ किलोवॅट, तासाभराच्या चार्जिंगमागे २५ मैलांच्या आसपास. टीटी-३० वर २४ ॲम्पिअर, २.९ किलोवॅट, तासाला आठ-नऊ मैल. साध्या सॉकेटवर नेहमीच्या ॲडॅप्टरने १२ ॲम्पिअर, १.४ किलोवॅट, तासाला जेमतेम तीन-चार मैल. थंडीत गोठणबिंदूच्या आसपास तर ही शेवटची वीज बहुतेक बॅटरी गरम ठेवण्यातच खर्ची पडते. सकाळी आकडा होता तिथेच दिसला तर चार्जर बिघडला असं समजू नका.

बुकिंग करतानाच अर्धं काम होतं. भाड्याने मिळणाऱ्या २५ ते ३० फुटी क्लास सी (व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेल्या) मोटरहोमची केबल बहुधा ३० ॲम्पिअरची असते. म्हणून ३० ची जागा पुरेल असं वाटतं आणि थोडे डॉलर वाचवायला लोक तीच घेतात. तसं करू नका, त्या खांबावर १४-५० नसतं. ५० ॲम्पिअरची जागा घ्या, मोटरहोम टीटी-३० ला लावा आणि १४-५० गाडीसाठी मोकळं ठेवा. मोटरहोम मोठी, ५० ॲम्पिअरची असेल तर १४-५० तिच्याकडे जातं आणि गाडीला टीटी-३० उरतं. दोन रात्रींचा मुक्काम असेल तर तेही चालून जातं.

गाडी चार्ज करणार असल्याचं नोंदणीच्या वेळी सांगा. केओएसारख्या आरव्ही पार्कांच्या साखळीतल्या बहुतेक जागा स्वतंत्र मालकांच्या आहेत, त्यामुळे नियम जागेगणिक बदलतो. कुणी काही घेत नाही, कुणी रात्रीचे वेगळे पैसे लावतं, कुणी सरळ नाही म्हणतं. त्यांच्या कुरकुरीमागे कारण आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेप्रमाणे ३६ किंवा अधिक जागांच्या पार्कात मुख्य तारा टाकताना सगळ्या खांबांच्या बेरजेच्या ४१ टक्केच भार धरायची मुभा आहे. सगळे एसी, सगळे मायक्रोवेव्ह एकाच वेळी चालत नाहीत, हा त्यामागचा अंदाज. मोटरहोमचा भार चढतो-उतरतो. गाडी मात्र आठ-नऊ तास एकसारखी ओढत राहते. अशा दहा गाड्या एकाच ओळीत लागल्या तर तो अंदाज कोसळतो. शेजारची जागा रिकामी आहे म्हणून तिच्या खांबाला केबल लावणं तर नकोच; ती विजेची चोरीच झाली.

आता ॲडॅप्टर. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा सावकाश वाचा. आरव्हीच्या दुकानात टीटी-३० वरून १४-५० करणारा आखूड जोड मिळतो, त्याला डॉगबोन म्हणतात. ५० ॲम्पिअरची मोटरहोम ३० च्या खांबावर चालावी यासाठी तो असतो. त्यात एकच १२० व्होल्टची फेज १४-५० च्या दोन्ही फेजच्या भोकांना जोडलेली असते. गाडीचा चार्जर त्याच दोन भोकांमधला दाब बघतो. दोन्हीकडे तीच फेज, म्हणजे मध्ये शून्य व्होल्ट. चार्जरचा दिवाही लागत नाही आणि माणूस खांबाला दोष देतो.

गाडीसाठीचा टीटी-३० ॲडॅप्टर वेगळा. त्यात एका भोकात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल दिलेला असतो, त्यामुळे चार्जरला १२० व्होल्ट दिसतात. हाच ॲडॅप्टर चुकून मोटरहोमला लावला तर न्यूट्रल लोंबकळत राहतो, आतली उपकरणं एकापुढे एक जोडल्यासारखी होतात, १२० व्होल्टच त्यांच्यात वाटले जातात, दाब कमी पडतो आणि काहीतरी बिघडू शकतं. म्हणून दोन्ही ॲडॅप्टर एका पिशवीत ठेवू नका. गाडीच्या ॲडॅप्टरवर लाल चिकटपट्टी गुंडाळा आणि मार्करने ‘फक्त गाडी’ लिहा.

आणखी एक खोच. या ॲडॅप्टरपुढे टेस्लाचं १४-५० चं तोंड लागतं, आणि ते तोंड गाडीला ‘३२ ॲम्पिअर घे’ असंच सांगतं. मागे ३० चा ब्रेकर आहे हे त्याला कळत नाही. स्क्रीनवर हाताने २४ करावं लागतं. विसरलात तर ब्रेकर लगेच उडेलच असं नाही. तो तापत राहतो आणि रात्री कधीतरी उडतो. सकाळी उठून बघावं तर बॅटरी निम्म्यावर.

जोडायचा क्रम:

१. खांबावरचा ब्रेकर बंद करा. सॉकेटच्या भोकांभोवती काळपट डाग किंवा वितळलेलं प्लास्टिक दिसलं तर जागा बदलून मागा. या सॉकेटांत रोज जड प्लग घुसतात-निघतात, आतल्या पट्ट्या सैल होतात, आणि सैल जोड तापतो.

२. प्लग पूर्ण आत बसवा. चार्जरचा डबा हवेत लोंबकळू देऊ नका. त्याच्या वजनाने प्लग खाली ओढला जातो. खांबाला दोरीने बांधा, जमिनीपासून वीतभर वर.

३. ब्रेकर चालू करा, चार्जरचा हिरवा दिवा बघा, मगच गाडीला लावा.

४. स्क्रीनवर करंट आधी १६ वर ठेवा आणि व्होल्ट वाचा. मग हळूहळू वाढवा.

५. अर्ध्या तासाने प्लगला हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर बंद.

व्होल्ट वाचायचे म्हणजे काय? १४-५० वर करंट कमी असताना २४० च्या आसपास दिसायला हवेत. काही पार्कांत थ्री फेजवरून वीज घेतलेली असते, तिथे २०८ दिसतात. तो बिघाड नव्हे, फक्त वेग कमी मिळतो. करंट वाढवल्यावर दहा-बारा व्होल्ट उतरले तर तारा लांब किंवा बारीक आहेत. चार-आठ ॲम्पिअर खाली या. दाब फार पडला तर मोटरहोमचा एसी धापा टाकतो, आणि तिला संरक्षक यंत्र बसवलेलं असेल तर १२० चे व्होल्ट १०४ च्या खाली गेले की ते सगळी वीजच तोडतं.

आमचा सल्ला, १४-५० वर ३२ घेऊच नका, २४ पुरतात. २४० व्होल्टवर ते ५.८ किलोवॅट होतात. रात्री दहा ते सकाळी सात, नऊ तासांत ५२ युनिट. ७५ युनिटांची बॅटरी २० टक्क्यांवरून ८० वर न्यायला गळती धरून सुमारे ५० लागतात. मग जास्त ओढून मिळवायचं काय? ॲरिझोनात उन्हाळ्याच्या संध्याकाळी पाच ते नऊ सगळ्या पार्काचे एसी घुमत असतात, तेव्हा तर नकोच. गाडीत दहाची वेळ लावून ठेवा.

मोटरहोमच्या बाहेरच्या अंगाला एक साधं सॉकेट असतं, ते जवळ पडतं म्हणून गाडी तिथे लावायचा मोह होतो. तो टाळा. मोटरहोमच्या ३० ॲम्पिअरमध्ये एसीचे १४, पाणी तापवायच्या कॉइलचे १२, सकाळी पोह्यांसाठी इंडक्शन लावलं की त्याचे १५. आधीच बेरीज जमत नाही, त्यात गाडीचे १२ कुठे घालणार? साधं सॉकेट वापरायचंच तर खांबावरचं वापरा. तिथे गळती पकडणारं बटण असतं, ते चार्जरच्या स्वतःच्या तपासणीमुळे कधीकधी उडतं. एकदा दाबून बघा. पुन्हा उडालं तर आत ओल असू शकते, नाद सोडा.

एक्स्टेन्शन केबल टेस्ला वापरू नका म्हणते. तरी वापरणारच असाल तर आरव्हीची ५० ॲम्पिअरची, ६ गेजची जाड केबल हवी, आणि ती पूर्ण उलगडून ठेवायची. वेटोळं तसंच ठेवलं तर मधली उष्णता बाहेर पडत नाही.

वाटेतलं चार्जिंग मोटरहोमशी जुळत नाही. सुपरचार्जरच्या (टेस्लाच्या जलद चार्जिंग केंद्राच्या) आवारात ३० फुटी धूड वळवायला बहुधा जागा नसते. गाडीने एकटं जावं आणि भेटायचं ठिकाण पुढे ठरवावं. कॅलिफोर्नियातून ग्रँड कॅन्यनला आय-४० महामार्गाने जाताना बारस्टो, नीडल्स, किंगमन, फ्लॅगस्टाफ इथे सुपरचार्जर आहेत. नीडल्स जेमतेम १५० मीटर उंचीवर, फ्लॅगस्टाफ २,१०० वर. माणसं-सामानासह सव्वादोन टनांची गाडी नुसती वर चढवायलाच ११-१२ युनिट जातात, म्हणून किंगमनला घाई करू नका. तिथून फ्लॅगस्टाफ जवळजवळ १५० मैल आहे. ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवर (दक्षिण काठावर) खांबाची जागा हवी तर ट्रेलर व्हिलेज. शेजारच्या मॅथर कॅम्पग्राउंडमध्ये खांब नाहीत. यलोस्टोनमध्ये ही सोय फक्त फिशिंग ब्रिजला, आणि योसेमिटीच्या कॅम्पग्राउंडांत कुठेच नाही. अशा ठिकाणी आदल्या मुक्कामी गाडी भरून घ्यायची.

मोटरहोमच्या जनरेटरवर? दोन तासांत जवळजवळ गॅलनभर पेट्रोल जाळून सात-आठ मैल मिळतात. वेगळा छोटा इन्व्हर्टर जनरेटर आणलात तर त्याचा न्यूट्रल अर्थिंगला जोडलेला नसतो, म्हणून गाडी अर्थिंगची तक्रार करून चार्जिंग नाकारते. त्यासाठी जोड-प्लग मिळतो, पण अडचणीच्या वेळेपलीकडे हा उद्योग परवडत नाही.

गाडी मोटरहोमच्या मागे बांधून न्यायचा विचार असेल तर चारही चाकं वर घेणारा ट्रेलर लागतो. चाकं जमिनीवर फिरली की मोटर वीज तयार करू लागते आणि तापते. टेस्ला अशी ओढायला कंपनीची मनाई आहे. मॉडेल वाय सुमारे ४,४०० पौंड, ट्रेलर २,२०० च्या आसपास. बऱ्याच क्लास सी मोटरहोमची ओढायची मर्यादा ५,००० पौंडांची. शिवाय भाड्याच्या करारात ओढायला परवानगी आहे का तेही बघा. बहुतेक वेळा कुणीतरी गाडी चालवत नेणंच सोपं पडतं.

निघायच्या सकाळी क्रम उलटा. आधी गाडीच्या स्क्रीनवर चार्जिंग थांबवा, मग गाडीचा प्लग, मग खांबावरचा ब्रेकर, शेवटी खांबावरचा प्लग. चालू भारावर प्लग ओढला की ठिणगी पडते आणि पुढच्याला तेच काळं सॉकेट मिळतं. केबल गुंडाळून गाडीत गेली की नाही हे मोटरहोम मागे घेण्याआधी बघा. खांबाजवळ विसरलेली केबल बहुधा मागच्या चाकाखालीच सापडते.