कोर्टातून मिळालेले कागद हाताळताना या चुका टाळा

गेल्या महिन्यात शिवाजीनगर कोर्टाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात माझ्या पुढे एक ज्युनिअर वकील उभा होता, काळा कोट नवाकोरा, आणि काउंटरवर समोरच्या पार्टीची बँक स्टेटमेंट्स पसरलेली. अकाउंट नंबर, ईएमआय, दवाखान्याला भरलेले पैसे, रांगेतल्या कुणालाही वाचता येईल असं सगळं उघडं. एका हाताने पानं पुढे सरकवतोय आणि दुसऱ्या हाताने फोनवर अशिलाला सांगतोय, "ताई, सगळं मिळालं, पाठवतोच व्हॉट्सॲपवर." मी त्याला बाजूला घेऊन बोलले, त्याने ऐकूनही घेतलं, पण हेच मी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलंय की आता लिहूनच टाकते.

कागद हातात आला की तो आपला झाला असं समजणं

बाकीच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ११ खाली इन्स्पेक्शन, म्हणजे समोरच्याचे कागद बघायची मुभा मिळाली, ऑर्डर १६ खाली साक्षीदाराला कागद घेऊन यायचं समन्स काढलं, फौजदारीत पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ९१ म्हणजे १ जुलै २०२४ पासूनचं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९४ वापरलं, काहीही असो, समोरच्याने तो कागद राजीखुशीने दिलेला नसतो. कोर्टाने त्याला कपाट उघडायला लावलेलं असतं, आणि तेही त्या केसमधल्या वादाचा निकाल लागावा एवढ्यासाठी. पोटगीच्या केसेसमध्ये तर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं ॲफिडेव्हिट द्यावंच लागतं, त्यामुळे फॅमिली कोर्टात जाणाऱ्या प्रत्येक वकिलाच्या बॅगेत आज कुणाचा ना कुणाचा अख्खा संसार असतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्याच ऑफिसमध्ये घडलेलं सांगते. आमची अशील बायको, नवरा म्हणत होता पगार फारच कमी आहे, म्हणून आम्ही त्याच्या कंपनीला समन्स काढून पगारपत्रक मागवलं. कंपनीच्या माणसाने नुसत्या नवऱ्याचं पान आणायच्या ऐवजी अख्ख्या डिपार्टमेंटचं शीट आणून दाखल केलं. चौदा जणांची नावं, पगार, कपाती आणि शेवटच्या रकान्यात रजेचं कारण. आमच्या ज्युनिअरने संध्याकाळी ऑफिसात बसून त्याचा फोटो काढला आणि अशिलाला पाठवला, तिने भावाला दाखवला, भावाचा मित्र त्याच कंपनीत, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो फोटो चौदाच्या चौदा जणांच्या फोनवर फिरत होता.

चार दिवसांनी एक बाई मला कोर्टाच्या जिन्यापाशी भेटली. तिच्या नावापुढे ऑपरेशन लिहिलेलं होतं, कसलं तेही, आणि ते तिने घरच्यांशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. ती भांडली नाही. चार घड्या घातलेली प्रिंट तिने उलगडून दाखवली, फोटोच्या कडेला माझ्या टेबलाची काच आणि माझ्या शिक्क्याचं पॅड स्पष्ट दिसत होतं. मला म्हणाली, "मॅडम, यात माझी केस कुठली होती हो?"

मी त्याच आठवड्यात कोर्टात पुरशिस, म्हणजे लेखी निवेदन दिलं, झालं ते सगळं लिहून दिलं, शीट सीलबंद पाकिटात ठेवून फक्त नवऱ्याची ओळ रेकॉर्डवर राहावी असा अर्ज केला, अशिलाकडून लेखी हमी घेतली. जज साहेबांनी भर कोर्टात मला जे सुनावलं ते रास्त होतं. पण त्या बाईचं जे बाहेर गेलं ते कुठल्याही ऑर्डरने परत आत येणार नव्हतं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. असा कागद आला की आधी मी एकटी बसून वाचते, केसशी संबंध नसलेली नावं-आकडे पेन्सिलने खुणावते, त्यावर कोऱ्या कागदाच्या पट्ट्या ठेवून झेरॉक्स काढते आणि पुढचं सगळं काम त्या झेरॉक्सवर. अशिलाला कागद ऑफिसमध्ये बसवून दाखवायचा, आकडे वहीत उतरवायचे असतील तर उतरवू द्यायचे, फोटो नाही. कुणी काय कधी पाहिलं याची एका रजिस्टरला नोंद. अशील चिडतात, "फी मी भरते ना, मग कागद माझाच की." तर नाही, फी माझ्या कामाची आहे, समोरच्या माणसाच्या पासबुकाची नाही. हे पहिल्याच भेटीत, वकालतनाम्यावर सही घेतानाच सांगितलं तर पुढचे वाद होत नाहीत. नवीन मुलांना हे सगळं वेळखाऊ वाटतं, त्यांना अशिलाला पाच मिनिटांत मेसेज गेला की आपण हुशार वकील ठरलो असं वाटतं, आणि या घाईचा मला मनापासून राग येतो, कारण भोगायला दुसराच कुणीतरी लागतो.

इंग्लंडमध्ये याला इम्प्लाइड अंडरटेकिंग म्हणतात, म्हणजे डिस्कव्हरीत, कोर्टाने समोरच्याला उघड करायला लावल्यामुळे, मिळालेला कागद त्याच केससाठी वापरेन अशी न लिहिलेली हमी. हॅरिएट हारमन, ज्या नंतर तिथल्या लेबर पार्टीच्या उपनेत्या झाल्या, त्या वकील असताना त्यांनी तुरुंगाबद्दलच्या केसमध्ये गृहखात्याकडून मिळालेले कागद एका पत्रकाराला वाचायला दिले. ते कागद खुल्या कोर्टात वाचून झालेले होते, तरी १९८२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी हा कोर्टाचा अवमान ठरवला. पुढे तिथले नियम बदलले, खुल्या कोर्टात वाचलेल्या कागदापुरती ही हमी साधारणपणे सुटते. पण जो कागद नुसता तुमच्या फाइलमध्ये आहे, कोर्टात उच्चारलाही गेलेला नाही, त्याला ही सूट तिथेही नाही.

एका केसचा कागद दुसऱ्या केसमध्ये खुपसणं

घटस्फोटाच्या केसमध्ये मिळालेलं इन्कम टॅक्स रिटर्न भावाभावांच्या वाटपाच्या दाव्यात लावायचं, हे सर्रास चालतं. ज्या कोर्टाने कागद मागवून दिला त्याची परवानगी घ्या, नाहीतर दुसऱ्या दाव्यात रीतसर नव्याने मागवा. दोन तारखा जास्त जातील. जाऊ द्या.

इथे मला हमखास एक उत्तर मिळतं, "मॅडम, पूरनमल आहे ना." आहे, सुप्रीम कोर्टाचा १९७४ चा निकाल आहे, पुरावा कसा मिळवला यापेक्षा तो संबंधित आहे का हे बघतात असा त्याचा रोख आहे. २०२५ च्या जुलैमध्ये सुप्रीम कोर्टाने नवरा-बायकोच्या गुपचूप रेकॉर्डिंगबद्दलही ते त्यांच्यातल्या खटल्यात पुरावा म्हणून चालेल असंच म्हटलं. पण पुरावा कोर्टात चालतो का हा एक प्रश्न आणि वकिलाने तो कसा वागवला हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीसमोर द्यावं लागतं, आणि ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली समज देण्यापासून सनद जाण्यापर्यंत काहीही होऊ शकतं.

चुकून आलेलं पत्र वाचत बसणं

समोरच्या वकिलाने कागदांचा सेट दिला आणि त्यात त्याने स्वतःच्या अशिलाला लिहिलेलं पत्र अडकून आलं, असं होतं. घाईत स्टेपल केलेल्या गठ्ठ्यात तर नेहमी. साक्ष अधिनियमाची कलमं १३२ आणि १३४, म्हणजे जुनी १२६ आणि १२९, वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं जपायला आहेत, आणि समोरच्याच्या कारकुनाने चूक केली म्हणून ते संरक्षण मी हिसकावून घ्यावं हे मला कधीच पटलं नाही. लेटरहेड आणि "प्रिय" एवढं दिसलं की मी पान पालथं घालते, पाकिटात टाकते, पाकिटावर तारीख-वेळ लिहिते आणि समोरच्याला फोन करते, "वकीलसाहेब, तुमचं एक पत्र माझ्याकडे आलंय, मी वाचलेलं नाही, माणूस पाठवा." मग आपल्या अशिलालाही सांगते की असं घडलं आणि मी ते परत केलं. एका अशिलाने यावरून फाइल काढून नेली होती. नेली तर नेली. उलट दिशेने माझ्या ऑफिसमधूनही एकदा असंच पत्र गेलं होतं, तेव्हा समोरच्या सिनिअरने ते न वाचता परत पाठवलं, आणि पुढची दहा वर्षं त्यांच्या शब्दावर मी डोळे मिटून ॲडजर्नमेंटला, म्हणजे तारीख पुढे ढकलायला, हो म्हणत आले.

बाकीच्या, थोडक्यात

समन्समध्ये "सर्व रेकॉर्ड" मागू नका. कुठल्या वर्षाचं, कुठलं पान, कुठल्या मुद्द्यासाठी ते लिहा. माझ्याकडे झालेला घोळ तिथूनच सुरू झाला होता, आमच्या अर्जात "संपूर्ण पगारपत्रक" असं लिहिलं होतं.

पीडीएफवर काळा चौकोन काढला म्हणजे मजकूर झाकला जात नाही, खालचं अक्षर कॉपी होतं. प्रिंट काढा, कागदावर झाका, मग स्कॅन करा. मार्करही उजेडात धरला की पारदर्शक होतो.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे त्या कायद्याखालचं कामकाज इन कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड, असतं आणि ते छापायला मनाई आहे. तुमच्या यूट्यूब चॅनेलवर ॲफिडेव्हिटची पानं दाखवणं यात येतं, नाव झाकलं तरी.

लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेचं नाव अर्जाच्या शीर्षकातही नको. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, दोन वर्षांपर्यंत शिक्षा.

नक्कल मिळते म्हणजे कागद सगळ्यांचा, असंही नाही. तिऱ्हाइताला नकलेसाठी कारण सांगून अर्ज करावा लागतो, आणि माहिती अधिकारातून त्याला वळसा घालता येत नाही, हे गुजरात हायकोर्टाच्या प्रकरणात २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय.

फी थकली म्हणून अशिलाची फाइल अडवून ठेवू नका, २००० सालच्या आर. डी. सक्सेना निकालाने ते बंद केलंय.

आणि रद्दी. निकाल लागला, अपिलाची मुदत गेली, की ओरिजिनल कागद ऑर्डर १३ खाली ज्याचे त्याला परत घ्यायला सांगा आणि आपल्याकडच्या झेरॉक्स स्वतः बारीक करा. दिवाळीच्या साफसफाईत ऑफिसच्या जुन्या फाइली किलोवर काढलेल्या मी बघितल्यात. एकदा रद्दीवाल्याच्या हातगाडीवर वरचंच पान कुणाचं तरी संपत्तीचं ॲफिडेव्हिट होतं, फोटो चिकटवलेलं. मी ते गठ्ठ्यासकट विकत घेतलं आणि घरी नेऊन फाडलं.