घरात कापूस अन् माणसं वावरात: वेचणीआधी घराचा बंदोबस्त

सीतादही, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची वावरातली पूजा, झाली की दिवसभर घराला कुलूप असतं आणि आत कापसाचा ढीग चढत जातो. चोरासाठी हा सोयीचा काळ, अन् ठिणगीसाठीही. म्हणून पुढची कामं दसऱ्याच्या आतच उरकावीत.

आधी दार बघा. लोक भारी सात लिव्हरचं कुलूप आणतात, पण कुलूप फोडत कोणी बसत नाही. पहार घालून कोयंडाच उपटतात. अल्ड्रॉप आणि कोयंडा बहुतेक घरी पाऊण इंची स्क्रूवर असतात, त्यात जुनी चौकट उधईनं (वाळवीनं) पोकळ झालेली. स्क्रू काढून त्याच भोकांतून दाराच्या आरपार ६ मिमीचे नट-बोल्ट घाला. बोल्टचं गोल गुळगुळीत डोकं बाहेर, मोठा वायसर आणि नट आतून. चौकटीतल्या कोयंड्याला ३ इंची स्क्रू लागतील. त्याआधी पेचकस लाकडात खुपसून पाहा. सहज शिरला, तर तेवढा तुकडा सुताराकडून बदलून घ्या. पोकळ लाकडात लांब स्क्रूही धरत नाही. दार बाहेरच्या बाजूला उघडत असेल, तर बिजागरीच्या पिना बाहेर राहतात. त्यांची टोकं वेल्डिंगवाल्याकडून पक्की करा.

भारी काळ्या जमिनीवरच्या घरांत आणखी एक भानगड होते. माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाया उथळ असला की चौकट तिरपी होते. मग अल्ड्रॉपचा दांडा भोकासमोर येत नाही, अन् घाईत तो अर्धाच सरकवून कुलूप लावलं जातं. कानशीनं ते भोक वर-खाली ३-४ मिमी लांबट करा. त्याहून मोठं केलं तर दांडा खुळखुळतो.

कवेलूच्या (कौलांच्या) घरात चोराला दाराची गरजच नाही. चार कवेलू सरकवले की झालं. कवेलू फेराल तेव्हाच खालच्या लाकडी फाट्यांवर वेल्डची जाळी ठोकून घ्या. टिनाचं छत असेल, तर जे-हुकांचे नट बाहेरून पान्यानं उघडतात. नट घट्ट आवळून वर आलेल्या आट्यांवर हातोड्याचे दोन घाव घाला, म्हणजे तो फिरणार नाही.

हे सगळं करताना घरातली माणसं कोंडून टाकू नका. कापूस असलेल्या घरात रात्री आतून कुलूप लावून किल्ली उशाखाली ठेवणं धोक्याचं आहे. धुरात किल्ली सापडत नाही. आतून कडी किंवा आडणा पुरे. खिडक्यांना पक्क्या जाळ्या असतील, तर मागचं दार कापसाच्या पोत्यांनी बुजवू नका.

आता वीज. ढिगावरून लोंबणारी वायर, सैल होल्डर, पोत्यांमागे दडलेला बोर्ड, यातली एक ठिणगी पुरते. बोर्ड आणि ढीग यांत किमान ३ फूट अंतर ठेवा, वायर पाइपातून न्या, हॅलोजन लावू नका. सॉकेटला २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर आणि १६ अँपिअरचा एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच), दिव्यांना १.५ चौरस मिमी आणि ६ अँपिअर. तांब्याची तार गुंडाळलेला फ्यूज उपयोगाचा नाही. वायर तापून जळते, फ्यूज शाबूत राहतो.

मेन स्विचनंतर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. गेलेला आणि परतलेला करंट सारखा नसला की तो पुरवठा तोडतो. एमसीबीला ही गळती कळत नाही. जुन्या वायरिंगमध्ये न्यूट्रल भलत्याच ठिकाणी जोडलेला असतो, म्हणून आरसीसीबी वारंवार पडतो. वायरमन मग तो सरळ बायपास करून देतो. तसं करू देऊ नका, दोष शोधायला लावा. महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबा.

अर्थिंगसाठी ४० मिमीचा, ८ ते १० फुटी जीआय पाइप उभा गाडतात. काळी माती वाळली की पाइपापासून सुटते आणि अर्थिंग नावापुरतंच राहतं. त्यामुळे होळीपासून पाऊस लागेपर्यंत आठवड्यातून एकदा तिथे बादलीभर पाणी घाला. लोखंडी कूलरचे शॉक याच दिवसांत बसतात. कूलरमध्ये पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा.

दवानं ओला झालेला कापूस ढिगात टाकू नका, आत तापतो. दुपारपर्यंत ताडपत्रीवर वाळवा. ढिगात कोपरापर्यंत हात घालून पाहा. ऊब लागली तर ढीग उपसा. बिडी आणि देवघरातला दिवा त्या खोलीपासून लांब. आग लागलीच तर मेन स्विच पाडा, माणसं बाहेर काढा, १०१ लावा. आग लहान असेल तरच पाणी मारा. वरून विझलेला कापूस आत तासन्‌तास धुमसत राहतो, म्हणून नंतर तो अंगणात पसरून भिजवावा लागतो. २०० लिटरचा ड्रम भरलेला ठेवा; गाडी तालुक्याहून यायला वेळ लागतो.

पऱ्हाटीची (कापसाच्या वाळल्या झाडांची) गंजी भिंतीला लागून रचू नका, १५-२० फूट लांब ठेवा. तिथं उंदीर होतात, उंदरांमागे साप येतात. दाराखालच्या फटीला रबराची पट्टी आणि मोरीच्या तोंडाला जाळी लावा. मण्यार रात्री खाली झोपलेल्यांच्या अंथरुणात शिरते, तिचा दंश फारसा दुखत नाही की सुजत नाही; म्हणून खाटेवर मच्छरदाणी खोचून झोपा. दंशाची नुसती शंका आली, तरी आवळून बांधणं, चिरा देणं टाळून १०८ लावा.